एक अधिक चार पाय

उमंगचं लग्न तोंडावर आलेलं असताना रेवानं बाहेरचं काम घ्यायला नको होतं. तिच्या आईनं, मंदाबाईंनी, तिला ते आधीच सांगितलं होतं. पण रेवा वसईच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होती, आणि प्राचार्यांनी केबिनचं दार लावून घेऊन सांगितलेल्या कामाला तोंडावर नाही म्हणणं तिला जमलं नाही. पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या प्रश्नपत्रिका इंग्रजीतून मराठीत करायच्या होत्या. काम गुप्त होतं. नेतील तिथं राहायचं, मोबाइल जमा करायचा, काम संपलं की दाखल्यावर सही करून घरी यायचं. एकाच परीक्षेचे बरेच संच असतात आणि त्यातला कुठला वापरणार हे कुणालाच माहीत नसतं, त्यामुळे सही झाली की माणसं सोडतात. हळदीच्या आदल्या दिवशी तू घरी असशील, असं प्राचार्य म्हणाले.

घरी तिनं ट्रेनिंग आहे एवढंच सांगितलं. उमंग म्हणाला की ट्रेनिंग असो नाहीतर आणखी काही, मला बहीण एकच आहे आणि करवलीशिवाय मी मांडवात पाय ठेवणार नाही. तो हे हसत म्हणाला. वडील गेल्यापासून, धाकटा असूनही, केळीची वाडी त्यानंच सांभाळली होती, आणि रेवाचं शिक्षण पुरं व्हावं म्हणून स्वतःचं अर्ध्यावर सोडलं होतं. त्याबद्दल तो कधी बोलायचा नाही. त्याला तिच्याकडून हवी असलेली बहुधा ही एकच गोष्ट होती.

गाडीच्या काचा काळ्या होत्या. हायवेला लागल्याचं रेवाला कळलं, मग पूल लागले, मग वळणंच वळणं. आपण पालघर ओलांडून गेलो असं तिला वाटलं. उतरवलं ते एका जुन्या दुमजली इमारतीच्या पोर्चमध्ये, चारी बाजूंनी ताडपत्री लावलेल्या. आत ट्यूबलाइट दिवसाही चालू असायच्या, कारण खिडक्यांच्या काचांवर बाहेरून खाकी कागद चिकटवला होता आणि खिळे ठोकून झडपा बंद केल्या होत्या. जेवणाचा डबा आला की रखवालदार एकेक चपाती उलगडून बघायचा.

पहिल्याच संध्याकाळी लांबून चर्चची घंटा ऐकू आली. रेवा लिहिता लिहिता थांबली. शेवटी जराशी फाटणारी ती घंटा ती लहानपणापासून ऐकत होती. सकाळी पाववाल्याच्या सायकलचा भोंगा वाजला आणि तिची खात्रीच पटली. गाडीनं सगळा तालुका फिरवून त्यांना गिरीजच्या, म्हणजे तिच्याच गावाच्या, शेजारी आणून ठेवलं होतं. तिची वाडी तिथून चालत जाण्याच्या अंतरावर होती. हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. आपण कुठं आहोत हे कळणंसुद्धा तिथं नियमाबाहेर होतं, आणि सांगितलं तर तिला दुसरीकडे हलवतील ही भीतीही होती.

रखवालदार सोडला तर तिथं रेवा धरून चौघंच जण होते. परीक्षा मंडळाचे अधिकारी प्रितेश भोईर यांच्याकडे किल्ल्या होत्या आणि कुलपातल्या खोलीतला एकमेव फोनही त्यांच्याच ताब्यात होता. रसायनशास्त्राचे आग्नेल सर वसईतलेच, तिशीतले, मऊ स्वभावाचे. त्यांची बायको लूर्डस बाळंत होऊन नुकतीच घरी आली होती आणि त्यांनी मुलीला अजून धड मांडीवरही घेतलं नव्हतं. ते रोज कागदावर मुलीचं नाव वेगवेगळ्या अक्षरांत लिहून बघायचे आणि नियमाप्रमाणे तो कागद फाडून टोपलीत टाकायचे. आणि चौथे होते समितीचे अध्यक्ष, डॉक्टर काशिनाथ चुरी.

चुरी सरांना पाहून रेवाला पहिल्यांदा आनंदच झाला होता. बीएस्सीला विद्युतचुंबकत्व तिला त्यांनीच शिकवलं होतं. आता ते निवृत्त होऊन केळव्याला राहत, कानाला यंत्र लावत, पण आवाज तोच खणखणीत होता. त्यांच्या तासाला पोरं हसत हसत शिकायची. ग्रीक अक्षर 'काय' फळ्यावर लिहून ते विचारायचे, "हे काय?" आणि वर्ग ओरडायचा, "काय!" वर्तुळाच्या सूत्रातला ३.१४ तो पाय; चार गुणिले पाय, म्हणजे फोर पाय, हे त्यांच्या तोंडून नेहमी 'चार पाय' असं यायचं. एकक-पद्धती दोन, ते सांगायचे. एक आमच्या काळची, गाऊसची, सेंटिमीटर आणि ग्रॅमवर चालणारी. दुसरी आताची, मीटर आणि किलोग्रॅमची एसआय. निसर्ग एकच, पण सूत्रं वेगळी दिसतात. एका पद्धतीत चार पाय या सूत्रात असतात, दुसरीवाल्यांनी ते इथून उचलून त्या सूत्रात नेऊन ठेवले. जनावर तेच. सरांचा जीव मात्र गाऊसवर होता. रेवानं पुढं एमएस्सीला गेल्यावर त्यांच्या सगळ्या टिपणांतली सूत्रं एसआयमध्ये बदलून घेतली होती. त्यात तिची सगळी सुट्टी गेली होती, आणि तेव्हापासून तिला हा विषय खऱ्या अर्थानं कळला असं ती मानत असे.

काम वेळेत उरकलं. हळदीच्या आदल्या दिवशी सकाळी भोईर साहेबांनी उत्तरांची पाकिटं फोडली. आता प्रत्येकानं आपल्या विषयाचे प्रश्न सोडवून उत्तरं जुळवायची, दाखल्यावर सह्या करायच्या आणि गाडीत बसायचं. रेवानं बॅगसुद्धा भरून दाराशी ठेवली होती.

एका संचात ती अडली. प्रश्न अगदी छोटा होता. एका पदार्थाची चुंबकीय ससेप्टिबिलिटी, म्हणजे सरांचा तो 'काय', ०.५ आहे; तर निर्वाताच्या तुलनेत त्या पदार्थाची पर्मिअ‍ॅबिलिटी किती? बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावल्यावर पदार्थ स्वतः किती चुंबक होतो ते 'काय' सांगतो, आणि त्यामुळे आतलं एकूण क्षेत्र किती पट होतं ते पर्मिअ‍ॅबिलिटी. एसआयमध्ये हिशेब सोपा, एक अधिक काय. उत्तर १.५. पर्यायांत ते होतं. उत्तराच्या कागदावर मात्र ७.२८ लिहिलं होतं.

तिला आधी वाटलं टायपिंगची चूक असेल. मग तिनं ७.२८ कडे पुन्हा पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं की हे कुणाचं उत्तर आहे. गाऊसच्या पद्धतीत सूत्र एक अधिक चार पाय काय असं असतं. चार पाय गुणिले अर्धा म्हणजे ६.२८, त्यात एक मिळवला की ७.२८. उत्तर चूक नव्हतं. पण कुठल्या पद्धतीतला 'काय', हे प्रश्नात कुठंच सांगितलेलं नव्हतं, आणि तो नुसता आकडा असल्यामुळं त्याला एककही नव्हतं. लांबी असती तर मीटर की सेंटिमीटर ते शेजारी लिहिलेलं दिसलं असतं. इथं मुलाला सावध करणारं काहीच नव्हतं. आज कॉलेजात शिकणारं जवळजवळ प्रत्येक मूल १.५ वर खूण करणार होतं आणि गुण घालवणार होतं.

ती सरांकडे गेली. सरांनी चष्मा कपाळावर चढवून प्रश्न वाचला आणि लगेच म्हणाले की उत्तर बरोबर आहे. रेवानं सांगितलं की एसआयमध्ये ते १.५ येईल. त्यावर सर हसले. त्यांनी तिला समजावलं की पर्मिअ‍ॅबिलिटी निर्वाताच्या तुलनेत विचारली आहे, ती कुठल्याही पद्धतीत सारखीच येणार, लोखंडाला आपण मीटर वापरतो की सेंटिमीटर याच्याशी काय देणंघेणं.

"पदार्थ तोच, तर उत्तर तेच," ते म्हणाले. "हे तुला मी शिकवलंय."

"पदार्थ कुठला ते तुमच्या डोक्यात आहे, सर," रेवा म्हणाली. "मुलाला फक्त ०.५ दिसतं. तो आकडा एसआयचा धरला तर तो पदार्थच वेगळा होतो."

सरांनी सांगितलं की हा संच गेल्या महिन्यात समितीनं पक्का केला आहे, इंग्रजी प्रत छापायला गेली आहे, आणि ज्याला पदार्थविज्ञान येतं त्याला हा प्रश्न येतो. कानातलं यंत्र काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. संभाषण संपलं की ते तसं करत.

रेवा भोईर साहेबांकडे गेली. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. ते पदार्थविज्ञानाचे नव्हते आणि तसं त्यांनी कबूलही केलं. हरकत नोंदवायची तर अध्यक्षांची संमती लागते, ते म्हणाले. अध्यक्षांची संमती नसेल आणि तुम्ही सही करत नसाल, तर बाहेरचा तज्ज्ञ नेमून त्याला इथं आणावं लागेल, आणि तोवर कुणालाच बाहेर सोडता येणार नाही. तुम्हालाही नाही, त्या दोघांनाही नाही, मलाही नाही.

"किती वेळ लागेल?" रेवानं विचारलं.

"ते माझ्या हातात नाही, मॅडम."

ती आपल्या टेबलाशी येऊन बसली. समोर तिचा मराठी मसुदा होता, अजून तिच्याच ताब्यातला. तिच्या मनात आलं की 'एसआय पद्धतीत' असे दोन शब्द मराठीत घातले तर कुणाच्या लक्षात येणार नाही. तिनं पेन्सिलीनं ते लिहिलेसुद्धा. मग तिला दिसलं की तसं केलं तर मराठीतून परीक्षा देणारी पोरं हमखास १.५ लिहितील आणि हमखास चुकीची ठरतील. उलट 'गाऊस पद्धतीत' असं घातलं, तर मराठीतल्या मुलांना उत्तराची वाट दाखवल्यासारखं होईल आणि इंग्रजीतली तशीच अंधारात राहतील. तिनं दोन्ही वेळा खोडलं. कागद खरवडून पातळ झाला.

दुपारी आग्नेल सर तिच्याजवळ येऊन बसले. त्यांची सही झाली होती. ते म्हणाले, मॅडम, एक प्रश्न आहे, एक गुण. असे किती चुकीचे प्रश्न आपण आपल्या काळात सोडवले. परीक्षा झाल्यावर हरकती मागवतातच, तेव्हा कुणीतरी लिहील. त्यांचा आवाज अजिजीचा होता. घरी बाळाला कावीळ झाल्यासारखी वाटत होती, ते निघाले तेव्हा डॉक्टरांकडे न्यायचं चाललं होतं, पुढं काय झालं त्यांना माहीत नव्हतं. रेवानं त्यांना सांगितलं नाही की तिलाही जायचंय. सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, मग सही करा की.

भोईर साहेबांनी बाळाची चौकशी तेवढी फोनवर करून दिली. बाळ बरं होतं. पण आग्नेल सर त्यानंतर रेवाशी बोलेनासे झाले.

त्या दिवशी गाडी आली नाही. दुसऱ्या दिवशीही दाखला टेबलावर पडून होता. रेवा दोनदा पेन घेऊन त्याच्यापाशी गेली. 'सर्व प्रश्न व उत्तरे मी तपासली असून ती निःसंदिग्ध आहेत', असं त्यावर छापलेलं होतं. ते एक वाक्य नसतं तर तिनं सही केली असती, असं तिला नंतर अनेकदा वाटलं. सर समोरच्या टेबलाशी तिच्याकडे पाठ करून बसले होते. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. खिडकीच्या खाकी कागदावर उन्हं चढली आणि उतरली. तिच्या डोळ्यांसमोर येत होतं की या वेळी घरी हळद कांडायला बायका जमल्या असतील, केळीची पानं आतबाहेर होत असतील, आणि आई दर थोड्या वेळानं वाडीच्या वाटेकडे बघत असेल.

दिवस मावळायच्या सुमारास लाऊडस्पीकर सुरू झाला. आधी सनई, मग चाचणीचा खरखराट. आवाज इतका जवळून आला की रखवालदारानंही मान वर केली. मग माइकवर उमंगच्या मित्राचा आवाज आला, नवरदेवाला हळद लावायला कोणी कोणी यायचं ते एकेक नाव घेऊन सांगणारा. मामा, मामी, काकी. आणि मग तो म्हणाला, "नवरदेवाच्या भगिनी, आपली करवली रेवाताई, जिथे कुठे असतील तिथून ताबडतोब मांडवात यावं."

रेवा उठून उभी राहिली. तिला स्वतःलाही कळलं नाही ती कधी उठली. खिडकीपाशी जाऊन तिनं कागदावर हात ठेवला. थोड्या वेळानं तेच पुन्हा पुकारलं गेलं, आणि मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा माइकजवळ कुणीतरी काहीतरी बोललं, बहुतेक आई, आणि नाव अर्ध्यातच तोडून गाणं लावलं गेलं.

आग्नेल सर तिच्याकडे बघत होते. तिच्या कागदांच्या पाकिटावर लिहिलेलं तिचं नाव त्यांनी रोज वाचलं होतं.

"हे तुमचं घर आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

रेवानं मान हलवली. आग्नेल सर उठले, आपली खुर्ची तिच्या शेजारी आणून ठेवली आणि बसून राहिले. गाणी संपेपर्यंत दोघंही तसेच बसले होते. सही करा, असं त्यांनी पुन्हा म्हटलं नाही.

चुरी सरांनी यातलं काहीच ऐकलं नव्हतं. यंत्र टेबलावरच होतं. ते त्या संचाचे कागद पुन्हा पहिल्यापासून वाचत होते. रागानंच वाचत होते, आपलं खरं करण्यासाठी. वाचता वाचता ते एका पानावर थांबले. मग यंत्र कानाला लावून त्यांनी रेवाला हाक मारली.

त्याच संचात, आधीच्या पानावर, अ‍ॅल्युमिनिअमवर एक प्रश्न होता. समितीतल्या दुसऱ्या कुणीतरी दिलेला आणि सरांनी मंजूर केलेला. त्यात अ‍ॅल्युमिनिअमची ससेप्टिबिलिटी दिली होती, आणि तो आकडा एसआयचा होता. सरांना गाऊसमधला आकडा तोंडपाठ होता. त्यांनी कोऱ्या कागदावर तो लिहिला, चार पायांनी गुणला, आणि प्रश्नात छापलेला आकडा आला.

"मांड," त्यांनी पेन तिच्या हातात दिलं. "मी सांगतो तसं नाही. तू तुझ्या पद्धतीनं मांड. दोन्ही सूत्रं."

रेवानं मांडली. गाऊसमध्ये एकूण क्षेत्र म्हणजे बाहेरचं क्षेत्र अधिक चार पाय गुणिले पदार्थाचं चुंबकन. एसआयमध्ये चार पाय नाहीत, त्याऐवजी सगळ्याला बाहेरून निर्वाताचा एक स्थिरांक. दोन्हीकडून पर्मिअ‍ॅबिलिटी काढली. एकीकडे एक अधिक चार पाय काय, दुसरीकडे एक अधिक काय. पदार्थ एकच राहायचा तर दुसरा 'काय' पहिल्याच्या चार पाय पट असायला हवा. गाऊसचा ०.५ म्हणजे एसआयचा ६.२८. सर प्रत्येक ओळीवर बोट ठेवत होते. त्यांना यातलं काहीच नवीन नव्हतं, आणि तरी ते पहिल्यांदा वाचत असल्यासारखे वाचत होते.

"एका पानावर काय एक, दुसऱ्या पानावर काय दुसरा," शेवटी ते म्हणाले. "आणि दोन्ही पानांवर माझी सही." मग ते म्हणाले, "मला ते चार पाय दिसतातच गं. कागदावर नसले तरी दिसतात. दुसऱ्याला ते दिसत नसतील असं मला कधी वाटलंच नाही."

त्यांनी स्वतःच्या हातानं हरकत लिहिली, स्वतःचा प्रश्न रद्द करावा म्हणून. भोईर साहेब कागद घेऊन फोनच्या खोलीत गेले. रेवाला वाटलं, आता दार उघडेल.

भोईर साहेब बाहेर आले ते पडलेल्या चेहऱ्यानं. प्रश्न रद्द झाला होता. पण पाकीटबंद बदली प्रश्न मुख्य कार्यालयातून यायचा, त्याचं मराठी करायचं, पानं नव्यानं छापायची, तपासायची. उद्या दिवसभर तरी दार उघडणार नव्हतं. तिनं त्यांना विनवलं. एकच तास, मी पायी जाऊन येते, सोबत रखवालदार द्या. आपण कुठं आहोत हे तिला ठाऊक असल्याचं त्यातून उघड झालं, आणि भोईर साहेबांनी ते न ऐकल्यासारखं केलं. एवढीच सवलत ते देऊ शकत होते.

लग्न दुसऱ्या दिवशी दुपारी लागलं. वऱ्हाड निघाल्याचा बँड तिनं आतूनच ऐकला. मुहूर्ताच्या वेळी ती बदली प्रश्नाचं भाषांतर करत होती; तोही चुंबकत्वावरचाच होता आणि त्यात एकक-पद्धतीचं नाव ठळक छापलेलं होतं. सरांनी तो तपासून सही केली, मग आग्नेल सरांनी दाखल्यावर पुन्हा सही केली, मग तिनं.

गाडीनं तिला परत तालुकाभर फिरवून कॉलेजच्या फाटकाशी सोडलं. तिथून रिक्षानं ती घरी पोचली तेव्हा मांडवात खुर्च्या एकावर एक चढवत होते. नवरी घरात आलेली होती. तिचं नाव रचना. माप ओलांडताना नवरीला दारात अडवायचा करवलीचा मान मामेबहिणीनं पार पाडला होता. मंदाबाई ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी लेकीकडे बघितलं आणि विचारलं, "जेवलीस?" रेवा म्हणाली, नाही. त्या आत जाऊन पान वाढून घेऊन आल्या.

उमंगनं एकदाच विचारलं. मुंडावळ्या काढून हातात धरल्या होत्या त्यानं.

"फोन बंद का होता? खरं सांग."

रेवानं शपथेवर लिहून दिलं होतं की या कामाबद्दल ती कधीही, कुणालाही काही सांगणार नाही. आणि सांगितलं तरी काय सांगायचं होतं? एका सूत्रात चार पाय आहेत आणि दुसऱ्यात नाहीत, म्हणून मी आले नाही?

"सांगता येणार नाही," ती म्हणाली.

"बरं," उमंग म्हणाला आणि आत गेला. त्यानंतर तो तिच्याशी कामापुरतंच बोलू लागला. गॅस संपलाय, आईची गोळी आण, बाइकची किल्ली कुठाय. नातेवाइकांत निरनिराळ्या गोष्टी पसरल्या. कुणी म्हणालं, भावजय पसंत नव्हती. कुणी म्हणालं, थोरलीचं राहिलं आणि धाकट्याचं झालं म्हणून. रेवाच्या कानावर त्या येत, आणि तिला एकाही गोष्टीला उत्तर देता येत नसे. बाहेर येऊन महिना होत आला तरी तिला अजून त्या खाकी कागदाच्या आतच बसल्यासारखं वाटायचं. परीक्षा झाली. कुठला संच आला, तिनं पाहिलंही नाही.

लग्नाचा अल्बम आला त्या आठवड्यात एका दुपारी चुरी सर घरी आले. आग्नेल सरांच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला ते गेले होते, तिथं त्यांना आग्नेल सरांकडून रेवाच्या भावाच्या लग्नाचं सगळं कळलं होतं. केळव्याहून एसटी बदलत आले होते आणि उन्हानं लाल झाले होते. त्यांनी रचनाच्या हातात आहेर दिला, उमंगला जवळ बोलावून बसवलं, आणि मंदाबाईंना म्हणाले, "तुमची मुलगी लग्नाला येऊ शकली नाही ती माझ्यामुळं. माझी चूक होती. ती तिनं दाखवली आणि मला ती दिसायला दीड दिवस लागला. यापेक्षा जास्त मला सांगता येणार नाही, आणि तिलाही नाही."

मंदाबाई म्हणाल्या, "सर, तुम्ही मोठे आहात. पण तिचं नाव मी माइकवर बंद करायला लावलं. ते मला विसरता येत नाही."

सरांनी मान खाली घातली. कुणी त्यांची समजूत घातली नाही. रचनानं पाणी आणून ठेवलं आणि ते त्यांनी घेतलं. जाताना ते रेवाला म्हणाले की मंडळाला मी राजीनामा पाठवलाय, माझ्या जागी तुझं नाव सुचवलंय, पण तुला नको असेल तर स्पष्ट नाही म्हण. रेवा त्यांना रस्त्यापर्यंत सोडून आली.

सर गेल्यावर उमंग वाडीत निघून गेला. रेवा थोड्या वेळानं त्याच्यामागून गेली. तो केळीची पानं कापत होता, बाजारासाठी. तिनं न विचारता खाली पडलेली पानं उचलून एकावर एक रचायला सुरुवात केली.

"काय चूक होती सरांची?" त्यानं पानाकडे बघतच विचारलं.

"सांगता येत नाही."

"मोठी होती?"

रेवानं विचार केला. "एका गुणाची," ती म्हणाली.

उमंगचा कोयता थांबला. एवढ्यासाठी, असं तो म्हणेल असं तिला वाटलं. तो म्हणाला नाही. त्याला राग होता तो होताच, चेहऱ्यावर दिसत होता. त्यानं पुढचं पान कापलं आणि या वेळी ते खाली न टाकता तिच्या हातात दिलं.

"देठाकडून धर," तो म्हणाला. "फाटेल."